72 बाटल्या रक्त आणि जिना चढलेली म्हैस

कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर संध्याकाळी जाऊन उभं राहायची सवय मला पेपरात असल्यापासूनची. डोळ्यासमोर म्हैस पिळतात, फेसाळलेला ग्लास हातात देतात, आणि निम्मं गाव तिथं भेटतं. तिथंच मागच्या फेब्रुवारीत आमचा एक दोस्त, जवळच्याच एका मंडळाचा कार्यकर्ता, ग्लास बाजूला ठेवून माझ्यावर घसरला.

"भावा, 26 जानेवारीला शिबीर घेतलं आम्ही. 72 बाटल्या रक्त. प्रेसनोट मी सोता नेऊन दिली, फोटू दिला. एक ओळ न्हाई आली. आणि परवा ती म्हैस जिना चढून वर गेली तर तिला तीन कॉलम? आम्ही काय म्हशीपेक्षा गेलो व्हय?"

पेपर सोडून मला चार वर्षं झाली, पण गावाच्या लेखी अजून मीच पेपर. डेस्कवर अकरा वर्षं काढली, बातम्या कापल्या, हेडिंगं लावली, आणि हा प्रश्न या ना त्या रूपात किमान हजार वेळा तरी ऐकला असेल, की आमचं का नाही आलं आणि त्यांचं का आलं. तेव्हा घाईत "जागा नव्हती ओ" असं सांगून सुटायचो. ते खोटं नव्हतं पण अर्धवट होतं, म्हणून आता निवांत सांगतो.

आधी म्हशीचं. एका गोठ्यातली म्हैस सुटली, शेजारच्या बिल्डिंगचं गेट उघडं होतं, आत शिरली आणि जिन्यानं थेट पहिल्या मजल्यावर. म्हैस चढते, पण उतरायचं म्हटलं की पाय गाळते. मग अग्निशमनची गाडी, दोर, जिन्यावर फळ्या, खाली पेंडीचं घमेलं, दोन तास हा कार्यक्रम, आणि म्हैसबाई दारातनं मान बाहेर काढून बघतीय असा फोटो. आता कोल्हापुरात म्हैस दिसणं यात नवल काहीच नाही, दिवाळीत पाडव्याला तर सजवून रस्त्यानं पळवतात. पण ती जिथं असायची तिथं नव्हती. बातमीचं पहिलं गणित हेच, रोज जे असतं ते सोडून काहीतरी झालं पाहिजे. कुत्रं माणसाला चावलं ही बातमी नाही, माणूस कुत्र्याला चावला तर बातमी, हे वाक्य पत्रकारितेच्या पोरांना पहिल्याच आठवड्यात ऐकवतात. (खरं तर कुत्रं चावण्याचीही बातमी होते आता, एकाच पेठेत एका दिवसात वीस जणांना चावलं की.)

रक्तदान शिबीर मात्र 26 जानेवारीला कुठं नसतं? त्या दिवशी निम्म्या कोल्हापुरात मांडव असतात. डेस्कवर प्रेसनोटचा हा गठ्ठा, सगळ्यांत तीच वाक्यं, तोच फोटो, झोपलेला दाता आणि त्याच्याभोवती अकरा उभे कार्यकर्ते. त्यात अजून एक गोची जी बाहेर कुणाच्या लक्षात येत नाही, 26 जानेवारीला बहुतेक पेपरांना सुट्टी असते त्यामुळं 27 ला अंकच निघत नाही. म्हणजे शिबिराची बातमी लवकरात लवकर 28 ला, आणि तोवर ती दोन दिवसांची शिळी. आमच्या दोस्तानं रक्त गोळा केलं चांगलं, मुहूर्त काढला बातमीच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट.

म्हणजे बातमी एकट्या घटनेत नसते. ती कधी घडली, कुठं, बघणारा कोण होता, वाचणारा कोण आहे आणि त्या दिवशी शेजारी आणखी काय काय घडलं, हे सगळं मिळून ठरतं. चांगलं काम आणि बातमी यांचा संबंध आहे पण तो नवराबायकोसारखा नाही, शेजाऱ्यासारखा आहे.

यावर अभ्यास झालेत बरं का. 1965 साली नॉर्वेच्या योहान गाल्टुंग आणि मारी होल्म्बो रूगे या दोन अभ्यासकांनी एक शोधनिबंध लिहिला. काँगो, क्युबा आणि सायप्रस इथल्या संकटांच्या बातम्या नॉर्वेच्या चार वर्तमानपत्रांत कशा आल्या ते त्यांनी तपासलं आणि घटना बातमी का होते याची बारा कारणं मांडली. त्यांनी दिलेली उपमा मला फार आवडते, रेडिओची. जुना रेडिओ आठवा, काटा फिरवला की खरखर, शंभर स्टेशनं एकात एक घुसलेली. कुठलं स्टेशन लागतं? ज्याचा आवाज मोठा, जे स्वच्छ येतं, जे आपल्या भाषेतलं आहे आणि ज्याच्यावर आपला काटा आधीच आहे. बाकीची पण वाजत असतात, आपल्याला ऐकू येत नाहीत एवढंच.

पुरावरनं सांगतो, कोल्हापूरकराला ते लगेच कळेल. जुलै लागला की आपल्याकडं माणूस भेटला की राम राम नाही, "किती फूट झाली?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात, 39 फूट इशारा, 43 फूट धोका. आता 38 फूट 11 इंचावरची नदी आणि 39 फुटांवरची नदी यात काय फरक आहे? एक इंच. नदीला तर माहीतही नसतं की आपण काही ओलांडलं. पण डेस्कवर 38 फूट 11 इंच म्हणजे आतल्या पानावरची चौकट आणि 39 म्हणजे 'पंचगंगेने ओलांडली इशारा पातळी', पान एक, आठ कॉलम. कारण त्या आकड्याचा अर्थ सगळ्यांना एकच कळतो, समजावून सांगावं लागत नाही, आणि आवाज मोठा झालाय हे कुणी मोजून दिलंय. गाल्टुंगच्या भाषेत उंबरठा ओलांडला आणि संदिग्धता संपली. बातमीला असे रेडिमेड उंबरठे फार आवडतात, शतक, शंभरावा, पहिला, शेवटचा, इशारा, धोका.

आणि एकदा काटा त्या स्टेशनवर गेला की मग तिथनं हलत नाही. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे, धरण भरलं की आपले आपण उघडतात, एका दरवाज्यातनं 1428 क्युसेक. एरवी धरणाच्या दरवाज्याकडं कोण बघतंय, पण पुराच्या आठवड्यात तिसरा उघडला ही बातमी, चौथा उघडला ही बातमी, रात्री दोनला तिसरा बंद झाला तर ती पण बातमी आणि लोक ती वाचायला जागे असतात. आम्ही शहर आवृत्ती त्या दिवसांत शक्य तितकी उशिरा सोडायचो, मशीनवाले बोंबलायचे.

आता हीच नदी पुण्या-मुंबईच्या पेपरात कधी जाते? इशारा पातळीला नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे बंद पडला, मुंबईला जाणारं दूध थांबलं, तेव्हा गेली. म्हणजे त्यांच्या चहापर्यंत आपलं पाणी पोचलं तेव्हा! यात कुणाचा दुष्टपणा नाही. जवळचं ते मोठं दिसतं, आणि जवळ म्हणजे किलोमीटरनं जवळ असंच नाही. ऑलिंपिकला पॅरिसहून लांब शातोरू नावाच्या गावात नेमबाजी होती, 1 ऑगस्ट 2024 ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा) ब्राँझ घेतलं आणि त्या दिवशी ते शातोरू आमच्यासाठी राधानगरी तालुक्यात होतं. त्या आधी थ्री पोझिशन म्हणजे काय हे कोल्हापुरात किती जणांना माहीत होतं, दुसऱ्या दिवशी रिक्षावाले समजावून सांगत होते. उलट एखाद्या देशात भूकंपात शेकडो माणसं जातात आणि ते आतल्या पानावर एका कॉलमात येतं, ते सेट करताना मला दरवेळी कसंतरी व्हायचं, पण करायचो.

दुसरी गोष्ट, कोण करतंय. याचं उदाहरण आपल्या पायातच आहे. कोल्हापुरी चप्पल करणारे कारागीर, कातड्याचे वाढलेले भाव, पोरं या धंद्यात यायला तयार नाहीत, मशीनचा नकली माल, हे सगळं वर्षानुवर्षं चालू आहे. 2019 ला चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातले मिळून आठ जिल्हे त्यात आहेत, त्याची बातमी झाली, दोन दिवस. कारागिरांवर एखादा फीचर पुरवणीत, वर्षातनं एकदा. आणि जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तशाच चपला मॉडेलच्या पायात घातल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा जगभर बोंब झाली, शेवटी आपली प्रेरणा भारतीय चपलांची आहे हे त्या कंपनीला मान्य करावं लागलं. सुभाषनगरात चप्पल शिवणाऱ्या माणसाच्या आयुष्यात त्या आठवड्यात काही बदललं होतं का? कॅमेरेवाले येऊन गेले, एवढं. पण बातमीत एकदम सगळं जमलं होतं: मोठं नाव, भांडण, आपली अस्मिता, आणि शेजारीशेजारी ठेवता येतील असे दोन फोटो. शेवटचं फार महत्त्वाचं. फोटो शेजारीशेजारी ठेवता आले नसते तर मला नाही वाटत ते एवढं चाललं असतं.

आणि माणसालाच नाव असावं लागतं असं नाही. नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण तीस वर्षांहून जास्त तिथं होती, परिसरातल्या लोकांनी तिला केळी घातलेली, पोरांना दाखवलेली, आणि एवढ्या काळात जिल्ह्याबाहेर तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं. जुलै 2025 मध्ये कोर्टाच्या आदेशानं ती जामनगरला नेली त्या रात्रीपासनं देशभर महादेवी-महादेवी. तिचं असणं बातमी नव्हती, जाणं झालं. आपल्या आजीचं पण तसंच असतं म्हणा.

इथं मला जे खरं सांगायचंय त्याच्याशी आलो. बातमी महत्त्व मोजत नाही, ती बदल मोजते. आणि तो पण झटक्यात झालेला बदल, जो आज सकाळी ते आज रात्री या चौकटीत बसतो. हळूहळू होणारं तिला दिसत नाही, आपल्याला घड्याळाचा तासकाटा हलताना दिसत नाही तसं. पंचगंगेत सांडपाणी रोज मिसळतं. रोज म्हणजे आजची बातमी नाही, उद्याची पण नाही. मग एक दिवस सकाळी मेलेले मासे काठाला लागतात, फेस येतो, वास सुटतो, आणि फोटोग्राफर धावतात. मी स्वतः तसली बातमी पान एकवर लावलीय आणि हेडिंग दिलंय 'पंचगंगेत मृत माशांचा खच', आणि तिसऱ्या दिवशी फॉलोअप आल्यावर तो आतल्या पानावर टाकलाय कारण तोवर मासे नव्हते. सांडपाणी होतं, पण मासे नव्हते. आज विचार केला की स्वतःचीच लाज वाटते, पण त्या खुर्चीत बसलेला कुणीही बहुतेक तेच करेल.

वाईटाच्या बातम्या जास्त का असतात याचं उत्तर पण यातच आहे, लोक उगाच म्हणतात पत्रकारांना वाईटच आवडतं. शाळा उभी करायला दहा वर्षं लागतात आणि पडायला दहा सेकंद. पडण्याला तारीख असते, वेळ असते, फोटो असतो. उभं राहण्याला फक्त उद्घाटन असतं. म्हणून तर उद्घाटनं एवढी असतात. कोल्हापूरला हायकोर्टाचं बेंच पाहिजे म्हणून वकील मंडळींनी चाळीस वर्षांहून जास्त आंदोलन केलं, उपोषणं, मोर्चे, कामबंद, सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांचा मुंबईचा हेलपाटा. आंदोलनाच्या दिवशी बातमी, मग महिनोन्महिने काही नाही, मग परत आंदोलन. आणि 17 ऑगस्ट 2025 ला सर्किट बेंचचं उद्घाटन झालं तेव्हा पानंच्या पानं. चाळीस वर्षांचा वजनदार दगड, पण बातमी तो जागेवरनं हलला त्या दिवसाची.

याला एक अपवाद आहे आणि तो पण आपल्याकडचाच. हद्दवाढ! 1972 ला महापालिका झाली आणि पुढची पन्नासएक वर्षं शहराची हद्द इंचभर सरकली नाही, म्हणजे काहीच घडलं नाही, तरी दर दोन-तीन महिन्यांनी बातमी हजर. कारण शहरातले हवी म्हणतात, आजूबाजूची गावं नको म्हणतात, आणि भांडण जिवंत असलं की न घडलेली गोष्ट पण बातमी होते. तशीच दुसरी जात आधीच ठरलेल्या बातम्यांची. अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं थेट मूर्तीवर येतात ते दिवस, 9, 10, 11 नोव्हेंबर आणि मग 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, तारखा पाठ. तरी दरवर्षी आमचा एक माणूस आणि एक फोटोग्राफर तिथं, कारण सूर्य ठरलेला असला तरी ढग ठरलेले नसतात आणि मध्ये आलेल्या इमारती तर विचारूच नका. किरणं पायापाशी अडली, कमरेपर्यंत आली, चेहऱ्यावर पोचली, यातलं काय झालं ते संध्याकाळी सूर्य मावळेस्तोवर माहीत नसतं. क्रिकेटच्या मॅचसारखंच ते, तारीख माहीत, निकाल नाही.

आता यात एक जण राहिला, काटा फिरवणारा. तोच सगळ्यात कमी दिसतो. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' काढला, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजारांची मदत केली, हे आपल्या जिल्ह्यात शाळेपासून शिकवतात. पण तो काढावा का लागला? कारण अस्पृश्यांवर जे रोज चालायचं ते त्या वेळच्या पेपरांच्या लेखी बातमीच नव्हतं. 'मूकनायक' निघतोय याची जाहिरात पैसे देऊन छापायची तयारी असताना 'केसरी'नं ती छापली नव्हती. तिथं जागा नव्हती असं कोण म्हणेल? पेपर चालवणारे, लिहिणारे, वाचणारे एकाच थरातले असले की दुसऱ्या थरातला आक्रोश त्यांना रेडिओच्या खरखरीसारखा वाटतो. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली, महाराज स्वतः आले आणि बाबासाहेब तुमचे पुढारी होतील असं सांगून गेले. आज त्या दिवसाला आपण इतिहास म्हणतो. म्हणून कुणी "ही काय बातमी आहे व्हय" म्हणालं की मी आधी म्हणणारा कोण ते बघतो. आम्ही डेस्कवर आठ जण होतो, आठही पुरुष, सगळे शहरातले. बायकांच्या स्वच्छतागृहाची बातमी किती वेळा संक्षिप्त बातम्यांत गेली याचा हिशोब आमच्याकडं नाही.

आणि पैसा. जाहिरात आली की बातमी गेली, हे रोजचं. संध्याकाळी सातला अर्ध्या पानाची जाहिरात पडली की तालुक्याच्या सहा बातम्या उद्यावर, आणि उद्या त्या शिळ्या, म्हणजे कायमच्या गेल्या. त्याच्या पुढची पायरी म्हणजे जाहिरातच बातमीचे कपडे घालून येते. 2009 च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजचा एवढा बोभाटा झाला की प्रेस कौन्सिलला त्यावर समिती नेमून अहवाल करावा लागला. त्यावर जास्त बोलत नाही, दूध नासतं.

मोबाईल आल्यापासनं काय बदललं? 2001 मध्ये टोनी हार्कप आणि डिअर्ड्रे ओ'नील या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी गाल्टुंगची यादी नव्यानं तपासली, त्यात सेलिब्रिटी, करमणूक, पेपरचा स्वतःचा अजेंडा असल्या गोष्टी घातल्या, आणि 2017 ला परत यादी केली तेव्हा एक नवीन कारण आलं, लोक पुढं पाठवतील का? म्हशीची बातमी खरं तर पेपरनं नाही शोधली. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरानं व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, तासाभरात तो गडहिंग्लजला पोचला, आणि मग बातमीदाराला डेस्कवरनं फोन गेला की सगळीकडं फिरतंय, आपल्याकडं का नाही. पूर्वी आम्ही लोकांना सांगायचो, आता लोक आधीच बघून बसलेले असतात आणि पेपरात आलंय का ते तपासतात.

गाल्टुंगबद्दल एक सांगायचं राहिलं. ती बारा कारणं त्यांनी रेसिपी म्हणून दिली नव्हती, रोग काय आहे ते दाखवलं होतं. निबंधाच्या शेवटी त्यांनी पत्रकारांना सुचवलं होतं की उलटं करून बघा, हळू चालणाऱ्या गोष्टींवर लिहा, लांबच्यांवर लिहा, मोठं नाव नसलेल्यांवर लिहा. आणि आपण काय केलं, तीच यादी पोरांना परीक्षेला पाठ करायला लावली.

तर त्या संध्याकाळी मी दोस्ताला हे सगळं एवढं नाही सांगितलं, ग्लास संपला होता. दोनच गोष्टी सांगितल्या, पुढच्या वेळी 26 जानेवारी टाळ, आणि 72 बाटल्यांत कुठली बाटली वेगळी आहे ते बघ. त्यानं ते मनावर घेतलं. या वर्षी शिबीर मार्चमध्ये ठेवलं, साधा मंगळवार, आणि शोधून शोधून एक रिक्षावाले मामा आणले ज्यांचं ते शंभरावं रक्तदान होतं. एकट्याचा फोटो काढला, भोवती एकही कार्यकर्ता नाही, हे त्याला किती जड गेलं असेल ते मलाच ठाऊक. बुधवारी बातमी आली. आतल्या पानावर दोन कॉलम, फोटोसह.

सकाळी साडेसहाला त्याचा फोन. मला वाटलं आभार मानतोय.

"भावा, मंडळाचं नाव चुकवलंय रे त्यांनी. आमच्या जागी पलीकडच्या गल्लीतल्यांचं टाकलंय. आता ह्याची बातमी हुती का न्हाई, तेवढं सांग."